स्लिटिंग सॉ आणि आर्बर: घरच्या छोट्या वर्कशॉपवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

कोपरखैरण्याला रो-हाउसच्या तळमजल्यावर माझं एक बेंच मिलिंग मशीन आणि एक जुना लेथ आहे. आधी बरीच वर्षं वागळे इस्टेटमधे टूलरूमला काढली, आता शनिवार-रविवार हा उद्योग. ओळखीतले, ओळखीच्यांच्या ओळखीतले येतात, हातात कागदात गुंडाळलेला स्लिटिंग सॉ असतो, म्हणजे कडेला दात आणि मधे भोक असलेली पातळ गोल चकती, आणि प्रश्न तेच असतात: हा कसा वापरायचा, आणि हा ज्यावर बसवून मिलच्या स्पिंडलमधे धरतात तो दांडा, म्हणजे आर्बर, कुठला घ्यायचा. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

स्लिटिंग सॉ लागतोच कशाला, हॅकसॉने काप की?

कापायचंच असेल तर हॅकसॉ मारा, बँडसॉ असेल तर अजून छान. स्लिटिंग सॉ हा कापायचा नाही, खाच पाडायचा कटर आहे. क्लॅम्प कॉलरची चीर, स्क्रूच्या डोक्यावरची खाच, घरी बनवलेल्या कॉलेटचे (दांडा घट्ट धरणारी, चिरा पाडलेली नळी) काप, जिथे रुंदी ठरलेली, जागा ठरलेली आणि दोन्ही बाजू साफ पाहिजेत तिथे हा. मिलवर ०.५ किंवा १ एमएमची खोल खाच एंड मिलने (टोकाने कापणारा दांड्यासारखा कटर) मारायला जाल तर दर वीस मिनिटाला एक एंड मिल मोडेल.

आधी सॉ घेऊ का आर्बर?

आधी बोअर, म्हणजे मधल्या भोकाचा व्यास, ठरवा. खरंच सांगतो, सगळे उलटं करतात. सेलमधे दिसला म्हणून एक सॉ घेतला, त्याचं बोअर १ इंच, मग दुसरा कोणीतरी दिला त्याचं २२, तिसऱ्याचं १६, आणि मग या तिघांना चालेल असा पायऱ्या-पायऱ्यांचा आर्बर शोधत बसतात जो एकालाही धड बसत नाही. मेट्रिकमधे साधारण असं असतं की ६३ व्यासाच्या सॉला १६ बोअर, ८० आणि १०० ला २२. जुन्या इंची मालात ३ इंच आणि ४ इंचाच्या सॉला १ इंच बोअर भरपूर दिसतं, बंद पडलेल्या कारखान्यांच्या मालात तर तेच जास्त.

छोट्या मशीनला माझं मत ६३ बाय १६. एक आर्बर, एक बोअर, त्यात १, १.६ आणि २ जाडीचे तीन सॉ. दोन वर्षं दुसरं काही लागणार नाही. पैसे वाचवायचेच तर सॉवर वाचवा, आर्बरवर नको, कारण सॉ आज ना उद्या मोडणार आहे, आर्बर मात्र तुमच्या नातवाला मिळणार आहे.

माझ्याकडे २५ एमएमचा आर्बर आहे आणि सॉ १ इंचाचा, जवळजवळ सारखंच आहे ना?

नाही हो. १ इंच म्हणजे २५.४. म्हणजे ०.४ चा ढिला. सॉ एका बाजूला टेकून बसला की मध्य ०.२ ने सरकला, आणि डायल (हालचाल मोजायचं घड्याळ) लावलात तर पूर्ण फेरीत ०.४ दिसणार. आता गणित करा, अशा सॉला एका दातामागे फीड (पुढे सरकणं) असते ०.०१-०.०२, म्हणजे एका बाजूचे दात जास्त काम करणार आणि समोरच्या बाजूचे दात जॉबला (कापायच्या तुकड्याला) जेमतेम शिवणार. ८० दातांचे पैसे देऊन निम्म्याच दातांवर काम करायचं.

२२ आणि ७/८ इंचाचं पण तेच, ७/८ म्हणजे २२.२२५, सरळ आत जातं म्हणून लोक फसतात. शिम पत्रा गुंडाळून बसवणारे महाभाग पण पाहिलेत, बसतो, पण मधोमध बसेलच असं नाही.

तयार आर्बर घेऊ का घरी बनवू?

लेथ असेल तर घरी बनवा, नसेल तर एकाच बोअरचा, सरळ शँकचा (कॉलेटमधे धरायचा भाग) तयार घ्या. मशीनच्या स्पिंडलच्या टेपरचा (निमुळत्या भोकात बसणारा), म्हणजे आर८ किंवा एमटी३ चा थेट आर्बर मिळाला तर अजून चांगलं, मधली कॉलेटची एक चूक कमी होते.

तो तीन-चार पायऱ्यांचा, सगळ्या बोअरला चालणारा येतो ना, तो मी ऑनलाइन घेतला होता. फोटोत चकचकीत. घरी आल्यावर कॉलेटमधे धरून डायल लावला तर पायरीवरच ०.१५ रनआउट (फिरताना मध्य सोडून डगमगणं), शिवाय सॉ खालून दाबून धरणारी टोपी एका बाजूला कललेली. परत करायची मुदत संपलेली होती कारण मी तो पंधरा दिवस टेबलावर नुसता कौतुकाने ठेवला होता. आता त्याने रंगाचे डबे उघडतो.

घरी बनवायचा तर कसा, जरा नीट सांगा

हा प्रश्न आवडीचा आहे म्हणून जरा पसरून सांगतो.

ईएन८ (मध्यम कार्बनचं स्टील) चा साधारण ३० एमएमचा बार घ्या, माइल्ड स्टील पण चालतं. आधी शँक टर्न करा, ईआर३२ कॉलेट असेल तर १६ किंवा २० ची. मग उलटा करून शँक कॉलेटमधे धरायची आणि फ्लँजचा (सॉ टेकायच्या रुंद कडेचा) चेहरा आणि १६ चा स्पिगॉट (सॉच्या बोअरमधे जाणारा भाग) दोन्ही एकाच सेटिंगमधे मारायचे. मधे जॉब काढला की गेलं सगळं. फ्लँज साधारण २८ ठेवा. त्याहून मोठा ठेवलात तर सॉला आधार जास्त पण खोली कमी, कारण खोली म्हणजे सॉचा व्यास वजा फ्लँजचा व्यास भागिले दोन. ६३ वजा २८, ३५, अर्धे १७.५. घरच्या कामाला पुरे.

स्पिगॉटच्या मुळाशी, जिथे तो फ्लँजला मिळतो, तिथे बारीक अंडरकट (छोटी खोबण) मारा. नाही मारला तर कोपऱ्यात टूलचा रेडियस राहतो आणि सॉ त्या रेडियसवर चढून बसतो, तुम्हाला वाटतं चेहऱ्यावर टेकलाय.

शेवटचा कट घेताना मायक्रोमीटरपेक्षा मी सॉच गेज म्हणून वापरतो. शेवटचे एक-दोन शंभरांश एमरीने, प्रत्येक वेळी पुसून, सॉ लावून बघायचा. अंगठ्याने दाबल्यावर हळूच सरकत जायला हवा, आणि अर्ध्यात सोडला तर तिथेच थांबायला हवा. झटकन खाली पडला तर एक सुंदर पेपरवेट झाला तुमच्याकडे, नवीन बार घ्या.

टोपीला आतून १६ ची खोलगट जागा मारायची म्हणजे स्पिगॉट सॉच्या बाहेर आला तरी टोपी सॉवरच दाबते, नाहीतर १ एमएमचा सॉ लावल्यावर टोपी स्पिगॉटवर टेकते आणि सॉ मोकळाच फिरतो. मधे एम८ चे आटे आणि काउंटरसंक ॲलन बोल्ट, डोकं टोपीच्या आत बुडालेलं. हे डोकं बुडालेलं असणं फार कामाचं आहे कारण मग सॉ व्हाइसच्या जबड्याच्या अगदी जवळ खाली नेता येतो.

लेथचा चक भरवशाचा नसेल तर अजून एक युक्ती. स्पिगॉट अर्धा एमएम जास्त ठेवून आर्बर मिलच्या स्पिंडलला लावा, लेथचं टूल व्हाइसमधे उभं धरा आणि शेवटचा कट तिथेच घ्या. ज्या कॉलेटमधे फिरणार त्याच कॉलेटमधे टर्न झाला. कॉलेटवर आणि शँकवर एक-एक ठिपका पंच करून ठेवा, पुढच्या वेळी ठिपक्याला ठिपका.

ड्रिल चकमधे आर्बर धरला तर?

नका. ड्रिल चक वरून दाब सहन करतो, बाजूचा धक्का नाही. टेपरवरून चक सुटून खाली आला की फिरता सॉ आणि चक दोन्ही तुमच्या मांडीच्या दिशेने. आणि ड्रिल मशीनवर तर मुळीच नको, त्याचा सगळ्यात हळू स्पीड पण बऱ्याचदा ४५० च्या आसपास असतो, जो यासाठी फार जास्त आहे, खाली गणित दिलंय.

दाते किती असलेला घ्यावा? जास्त दाते म्हणजे साफ काम ना?

पातळ पत्रा, पाइप, उथळ खाच याला बारीक दाते. खोल खाचेला मोठे दाते. कारण असं की दातामधल्या खोबणीत चिप मावायला पाहिजे, दात जॉबमधून बाहेर येईपर्यंत ती चिप तिथेच अडकलेली असते. ६३ चा १.६ जाडीचा बारीक दात्यांचा सॉ म्हणजे ८० दात, दोन दातांतलं अंतर साधारण २.५ एमएम. तोच मोठ्या दात्यांचा म्हणजे ४० दात, अंतर ५. आता १० एमएम खोल खाच मारली तर सॉचा जवळजवळ २६ एमएमचा कंस जॉबच्या आत असतो, म्हणजे पहिल्यात एका वेळी दहा दात गुंतले, दुसऱ्यात पाच. दहा दात, प्रत्येकाच्या पोटात चिप, वर आपलं अर्ध्या हॉर्सपॉवरचं मशीन. ॲल्युमिनियममधे तर हे पाच मिनिटात चिकटून बसतं. तुम्ही बारीक घेणार असाल तर थांबा, घरी बहुतेक कामाला मोठ्या दात्यांचाच लागतो. कॅटलॉगमधे डीआयएन (जर्मन स्टँडर्ड) १८३७ म्हणजे बारीक आणि डीआयएन १८३८ म्हणजे मोठे, एवढं लक्षात ठेवलं तरी दुकानदार तुम्हाला जरा मानाने वागवतो.

स्क्रू स्लॉटिंग कटर म्हणून अजून एक प्रकार येतो, त्याच्या बाजू सपाट असतात. स्लिटिंग सॉच्या बाजू मधल्या दिशेने किंचित पातळ ग्राइंड केलेल्या असतात म्हणून तो खोल जाताना घासत नाही. स्लॉटिंगवाला स्क्रूच्या डोक्यापुरताच, खोल घातलात तर जाम.

किती आरपीएमवर चालवू?

लोक यातच सॉ जाळतात. एचएसएस (हाय स्पीड स्टील) सॉला माइल्ड स्टीलमधे मिनिटाला २० मीटरच्या आसपास. ६३ सॉचा परीघ साधारण १९८ एमएम, म्हणजे १०० आरपीएम. ८० चा असेल तर ८० आरपीएम, १०० चा असेल तर ६५. हो, इतकं हळू. बघणाऱ्याला वाटतं मशीन बंद पडतंय. त्याच ४५० च्या ड्रिल मशीनवर ६३ चा सॉ ८९ मीटरने पळतो, स्टीलमधे दात निळे होऊन गेले. पितळेत ६३ ला २००-३०० चालतं, ॲल्युमिनियमला ३००-५००.

मशीन १०० ला खाली येत नसेल, किंवा येतं पण त्या स्पीडला मोटर हाताने थांबवता येईल इतकी मेलेली असते (डीसी मोटरवाल्या छोट्या मशीनचं हेच रडगाणं), तर सॉच लहान घ्या. ४० व्यासाचा सॉ २०० आरपीएमला २५ मीटरने जातो, जमून जातं. व्हीएफडी (फ्रीक्वेन्सी बदलून मोटरचा स्पीड बदलणारा ड्राइव्ह) लावलीय म्हणून बेल्ट सर्वात जास्त स्पीडच्या पुलीवर ठेवून फ्रीक्वेन्सीने हळू करू नका, आधी बेल्ट कमी स्पीडच्या पुलीवर टाका.

फीड ४० दात, १०० आरपीएम, दातामागे ०.०१ धरलं तर मिनिटाला ४० एमएम. सुरुवातीला याच्याही निम्म्याने जा. पण अगदी थांबत थांबत पण नको, सॉ नुसता घासला की दात बोथट होतात.

कापताना टक... टक... टक असा आवाज येतो, नॉर्मल आहे का?

प्रत्येक फेरीला एकदा टक म्हणजे रनआउट. थोडासा टक सगळ्यांच्याच सॉला असतो, माझ्यापण. ०.०५ च्या आत असेल तर चालवून घ्या. जास्त असेल तर आधी सॉ काढून आर्बरच्या स्पिगॉटवर डायल लावा, तिथे ठीक असेल तर सॉचं बोअर ढिलं आहे. मग बोल्ट अर्धवट आवळून, सॉ हाताने फिरवून, लाकडाच्या तुकड्याने हलके ठोकत कमीतकमीवर आणून आवळायचा. पाच मिनिटं जातात पण आवाज बदललेला लगेच कळतो.

आणि सॉ बाजूला डुलत असेल तर नव्वद टक्के वेळा फ्लँजवर चिप असते. २८ च्या फ्लँजच्या एका कडेला ०.०२ ची चिप अडकली तरी ६३ च्या सॉच्या कडेला ते ०.०४५ होतं. म्हणजे खाच तेवढी रुंद. आम्हाला टूलरूमला शिकवलं होतं की कापडाने पुसल्यावर परत तळहाताने पुसायचं, हाताला जे कळतं ते डोळ्याला दिसत नाही. सॉ थांबलेला असताना, अर्थात.

आर्बरला की (सॉ घसरू नये म्हणून खाचेत बसवायची चौकोनी पट्टी) लावायची का?

पातळ सॉला मी लावत नाही. जाम झाला तर सॉने फ्लँजमधे घसरावं हीच इच्छा आहे, की असली तर तो घसरत नाही, फुटतो. मोठ्या हॉरिझॉन्टल मशीनवर जाड कटरला की पाहिजे, ते वेगळं.

बोल्ट सुटेल का ही भीती असते. उभ्या स्पिंडलला नेहमीच्या दिशेने फिरवताना खालून लावलेला साधा उजव्या आट्यांचा बोल्ट कापायच्या जोराने उलट आवळला जातो. पण सॉ उलटा लावून स्पिंडल रिव्हर्स चालवलात तर तोच बोल्ट सुटत जातो. दातांची दिशा आधी बघा, मग स्विच.

एकाच पासमधे पूर्ण खोली घेऊ का थोडी थोडी?

यावर दोन टूलरूमवाल्यांची भांडणं होतात. मशीन दणकट असेल तर एकदाच, हळू फीडने, सॉ सरळ जातो. आपल्या छोट्या मशीनवर मी स्टीलमधे २-३ एमएमचे पास घेतो, पातळ सॉ पहिल्या पासलाच भरकटला तर पुढचे पास त्याच वाकड्या वाटेने जातात म्हणून पहिला पास सगळ्यात हळू.

फीड कन्व्हेन्शनल दिशेलाच, म्हणजे जॉब दातांच्या विरुद्ध. टेबल सरकवणाऱ्या लीड स्क्रूला बॅकलॅश (आट्यांतला ढिलेपणा) असताना क्लाइंब, म्हणजे दातांच्याच दिशेने, मारलात तर सॉ जॉबला स्वतःकडे खेचून घेतो.

सॉ मधेच जाम होऊन फुटला, काय चुकलं असेल?

माझं चुकलं होतं ते सांगतो. २० च्या ब्राइट बारची कॉलर, मधे चीर पाडायची. स्पीड बरोबर, ऑइल बरोबर, सगळं मस्त चाललेलं. ब्राइट बारमधे ड्रॉ करताना ताण राहिलेला असतो, चीर आत गेली की तो सुटतो आणि चीर मिटायला लागते. वर मी जॉब असा धरला होता की व्हाइसचा दाब पण चीर मिटवायच्याच दिशेने. दोन-तीन सेकंद आवाज जरा जड झाला, मी म्हटलं बघू, आणि फाट. पाच तुकडे. चार सापडले. पाचवा दिवाळीत साफसफाईला चपलांचा स्टँड हलवला तेव्हा बायकोला मिळाला, आणि मग मला तो चहासोबत बशीत ठेवून मिळाला. गॉगल होता म्हणून हे हसून लिहितोय.

तेव्हापासून चीर व्हाइसच्या जबड्यांना आडवी, म्हणजे दाब चिरीवर येणार नाही अशी धरतो, आणि अर्ध्यात थांबून मागच्या कापलेल्या भागात त्याच जाडीचा शिमचा तुकडा खुपसतो. आवाज जड झाला की आधी फीड थांबवायची, विचार नंतर. हातमोजे घालायचे नाहीत, आणि चिप्स ब्रशने, सॉच्या बाहेर येणाऱ्या बाजूने.

सॉ बारच्या बरोबर मध्यावर कसा आणायचा?

आडव्या धरलेल्या गोल बारच्या माथ्याला सॉचा खालचा चेहरा टेकवा, मधे सिगारेटचा कागद ठेवून, कागद ओढला गेला की थांबा, कागदाची जाडी धरा. मग बारचा अर्धा व्यास अधिक सॉची अर्धी जाडी एवढं खाली. २० चा बार, १.६ चा सॉ, म्हणजे १०.८. सॉची जाडी पाकिटावरची नको, मायक्रोमीटरने दातांवर मोजलेली घ्या.

ऑइल कुठलं?

स्टीलला कटिंग ऑइल ब्रशने. ॲल्युमिनियमला रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४०, आणि जवळ बिडी नको. पितळ आणि बीड कोरडंच.

ग्राइंडरला लावला तर पटकन होईल ना?

हात जोडतो. ४ इंची ग्राइंडर ११००० आरपीएमने फिरतो, १०० चा सॉ त्यावर सेकंदाला ५८ मीटरने जातो. एचएसएस काचेसारखं फुटतं. हा प्रश्न दर वेळी कोणीतरी हसत विचारतो आणि दर वेळी मला घाम फुटतो.

कार्बाइडचा सॉ घेऊ का, जास्त टिकतो म्हणे?

टिकतो, दणकट मशीनवर. आपल्याकडे जो रनआउट आणि बॅकलॅश आहे त्यात पहिल्या अर्ध्या तासात एक दात जाईल. साधा एम२ एचएसएस पुरे, स्टेनलेससाठी फार तर एम३५ कोबाल्टवाला.

ठाणे-नवी मुंबईत मिळतं कुठे?

नव्यासाठी सरळ मुंबईत मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटचा हत्यारांचा बाजार. ट्रान्स-हार्बरने ठाणे, मग सेंट्रलने मशीद. शनिवारी दुपारी जाऊ नका, चालायला जागा नसते. अडिसन, मिरांडा असे आपल्याकडचे मेक मागा. बोअर मोजायला स्वतःचा व्हर्नियर न्या, आणि आर्बरचा स्पिगॉट खिशात टाकून नेलात तर सगळ्यात उत्तम, तिथेच लावून बघायचा.

जुना माल वागळेत आणि टीटीसी औद्योगिक पट्ट्यात, रबाळे-महापेकडे कारखाना आवरतो तेव्हा किलोवर निघतो. जुना सॉ घेताना तीन गोष्टी: काचेवर ठेवून डुलतो का, बोअरच्या कडेला घसरल्याचे ओरखडे आहेत का, आणि दोन बोटांवर धरून नखाने टिचकी मारली की वाजतो का. भदभद वाजला तर चीर आहे, ठेवून द्या. बोथट असेल तर हरकत नाही, टूल अँड कटर ग्राइंडरवर धार लावून मिळते, पण पातळ स्वस्त सॉला धार लावण्यापेक्षा नवा परवडतो.

पावसाळ्यात सॉ गंजतात, काय करू?

आमच्याकडे खाडीची हवा, जूनमधे एका रात्रीत बोटांचे ठसे उमटलेले दिसतात. पाकिटाचा प्लॅस्टिक पाउच तसाच ठेवू नका, आत ओल अडकते. ऑइल चोपडून, ऑइलच्याच कागदात प्रत्येक वेगळा, आणि आडवे सपाट. खिळ्याला एकावर एक टांगले तर दात दातांना खातात. माझे जुन्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात असतात, आत खडू टाकलेत दोन, गणपती झाले की ते खडू बदलायचे आणि आर्बरच्या स्पिगॉटवर एकदा बोट फिरवून बघायचं.